गिअरच्या दांड्यामागची तार

जून 2022 मध्ये फोर्ड कंपनीने अमेरिकेत सुमारे 29 लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. इंजिन, ब्रेक, एअरबॅग यांतल्या कशाचाच त्यात दोष नव्हता. दोष होता एका लहानशा बुशचा, म्हणजे सांध्यात बसवलेल्या कड्याचा. ऑटोमॅटिक गिअरच्या दांड्याकडून आलेली केबल गिअरबॉक्सला जिथे जोडलेली असते, त्या सांध्यातला हा बुश खराब होऊन निखळण्याची शक्यता होती. तो निखळला, तर चालक दांडा ‘पी’वर (पार्कवर) नेऊन, किल्ली काढून गाडीतून उतरला तरी गिअरबॉक्स दुसऱ्याच गिअरमध्ये राहू शकत होता. अशा वेळी हँडब्रेक ओढलेला नसेल, तर गाडी जागेवरून हलण्याचा धोका होता.

ऑटोमॅटिक गाडीत पहिल्यावरून दुसऱ्या गिअरवर कधी जायचे हे गाडी स्वतः ठरवते. पण पुढे जायचे, मागे यायचे की उभे राहायचे, हे चालकच ठरवतो. असंख्य गाड्यांमध्ये हा निर्णय आजही विजेच्या संकेताने नव्हे, तर एका पोलादी तारेने गिअरबॉक्सपर्यंत पोहोचतो. गाडीतल्या सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत विलक्षण भागांमध्ये या तारेची गणना करायला हवी.

तिचे तत्त्व अर्नेस्ट मॉनिंग्टन बोडेन यांच्या 1896 च्या इंग्लंडमधल्या पेटंटपर्यंत मागे जाते. सायकलच्या ब्रेकची केबल सर्वांनी पाहिलेली असते. गिअरची केबल त्याच घराण्यातली. बाहेर दोन्ही टोकांना घट्ट बसवलेले आवरण आणि आत सरकणारी तार. आवरण कितीही वळवा, आतली तार त्याच्या तुलनेत जेवढी सरकेल तेवढीच हालचाल दुसऱ्या टोकाला मिळते. सायकलच्या ब्रेकला फक्त ओढ लागते, गिअरला मात्र ओढणे आणि ढकलणे दोन्ही लागते. त्यामुळे ही तार जास्त ताठ असते. इंजिन आणि गिअरबॉक्स रबरी माउंटिंगवर बसवलेले असतात आणि गाडी चालताना सतत हलत असतात. दांडा आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये सरळ लोखंडी सळई असती, तर ती हालचाल दांड्यापर्यंत आली असती. केबल ती वाकून गिळून टाकते.

गिअरबॉक्सच्या बाजूला ही केबल एका छोट्या लिव्हरला फिरवते. लिव्हरच्या शाफ्टवर, गिअरबॉक्सच्या आत, खाचा पाडलेली एक पट्टी असते आणि स्प्रिंगने दाबलेला रोलर त्या खाचांत बसतो. प्रत्येक खाच म्हणजे एक स्थिती: पी (पार्क), आर (रिव्हर्स), एन (न्यूट्रल), डी (ड्राइव्ह). शाफ्ट फिरला की व्हॉल्व्ह बॉडीतला एक व्हॉल्व्ह सरकतो आणि दाबाखालचे तेल योग्य क्लचकडे वळते. त्याच शाफ्टला जोडलेला दुवा ‘पी’मध्ये एक कुत्रे, म्हणजे अडकवणारी जीभ, दातेरी चाकात ढकलतो आणि गाडीची चाके अडकतात. कोणता गिअर लागला आहे हे सांगणारा आणि त्यानुसार स्टार्टरला परवानगी देणारा स्विचही बहुधा याच शाफ्टवर असतो. दिशा, तेलाचा दाब, चाकांचे कुलूप आणि स्टार्टरची परवानगी अशी चार कामे एकाच शाफ्टवर आणि तो फिरवणारी तार एकच. इतकी मोठी जबाबदारी इतक्या साध्या भागावर टाकून तो वर्षानुवर्षे बिनचूक चालवणे ही अभियंत्यांची मोठी कामगिरी आहे.

तारेची लांबी काही मिलिमीटरने चुकली तरी गोंधळ होतो. दांडा ‘डी’ दाखवतो, पण रोलर खाचेच्या कडेवर असतो. तेलाची वाट अर्धवट उघडते, दाब कमी पडतो, क्लच घसरतात, तापतात आणि जळतात. दुरुस्ती मग केबलची न राहता अख्ख्या गिअरबॉक्सची होते. गाडी फक्त ‘एन’मध्ये सुरू होणे, डॅशबोर्डवरचे अक्षर दांड्याशी न जुळणे, दांड्यात नेहमीपेक्षा जास्त प्ले (सैलपणा) जाणवणे, या सगळ्या पूर्वसूचना आहेत.

सर्वांत घातक जागा ‘पी’ आणि ‘आर’ यांच्यामधली. 1940 च्या मॉडेलच्या ओल्ड्समोबिल गाड्यांत जनरल मोटर्सचा हायड्रा-मॅटिक गिअरबॉक्स आला, तेव्हा त्यात ‘पी’ नव्हताच. इंजिन बंद करून दांडा रिव्हर्सला ठेवत. पुढे ‘पी’ आला आणि रिव्हर्सचा शेजारी झाला. 1970 च्या दशकातल्या फोर्ड गाड्यांबद्दल अमेरिकेत अशा तक्रारी आल्या, की ‘पी’मध्ये उभी केलेली गाडी चालू इंजिनावर अचानक मागे जाते. दांडा दोन खाचांमधल्या उंचवट्यावर अडलेला असायचा आणि थोड्याशा कंपनानेही तो रिव्हर्सकडे घसरू शकत असे. 1980 साली सरकारशी झालेल्या तडजोडीत सुमारे 2 कोटी 30 लाख गाड्यांच्या मालकांना कंपनीने डॅशबोर्डवर चिकटवायचे सूचनापत्रक पाठवले. यंत्र न सुधारता कागद चिकटवण्याचा हा उपाय अपुरा होता, असेच म्हणावे लागते.

केबल जुळवण्याची रीत मात्र सुंदर आहे. सपाट जागी हँडब्रेक ओढून, चाकांना ठोकळे लावून, इंजिन बंद ठेवून काम सुरू होते. दांड्यावर विश्वास ठेवायचा नाही, सुरुवात गिअरबॉक्सपासून करायची. टोयोटाच्या अनेक गाड्यांत लिव्हरवरचा नट सैल करतात, गिअरबॉक्सचा लिव्हर एका टोकाला पूर्ण ढकलतात आणि तिथून दोन खाचा मागे आणतात. हा खरा न्यूट्रल. मग गाडीतला दांडा ‘एन’वर ठेवून ‘आर’च्या बाजूला हलकासा दाबून धरायचा आणि तसाच धरून नट कसायचा. त्या हलक्या दाबाने सांध्यातला सगळा प्ले एका बाजूला निघून जातो. हा प्ले काढणे, हेच या कामाचे मर्म. काही गाड्यांत नटऐवजी केबलच्या टोकाला कुलूपपट्टी असते. ती उघडली की आतली स्प्रिंग लांबी स्वतः जुळवते. कोणत्या स्थितीत जुळवायचे हे गाडीगणिक बदलते, म्हणून त्या मॉडेलचे सर्व्हिस मॅन्युअल समोर हवेच.

काम झाले की तपासणी. ब्रेकवर पाय ठेवून प्रत्येक स्थितीत स्टार्टर फिरवून पाहायचा. तो फक्त ‘पी’ आणि ‘एन’मध्येच फिरला पाहिजे. अमेरिकेत 1968 पासून लागू झालेल्या सुरक्षा नियमाने पुढच्या वा मागच्या गिअरमध्ये इंजिन सुरू होता कामा नये, असे बंधनच घातले. मागचे पांढरे दिवे ‘आर’मध्येच लागले पाहिजेत. बुश फाटलेला असेल तर जुळवणी व्यर्थ आहे. आधी बुश बदलायला हवा.

आपल्याकडे 2014 च्या मारुती सेलेरिओपासून एएमटी (ऑटोमेटेड मॅन्युअल) गाड्या रुळल्या. त्यांतल्या मारुतीच्या गाड्यांत दांडा विद्युत संकेत पाठवतो आणि ‘पी’ नसतोच, म्हणून हे वर्णन त्यांना लागू नाही. टॉर्क कन्व्हर्टरच्या आणि सीव्हीटीच्या अनेक गाड्यांना मात्र ते लागू आहे. बुश खराब होण्यात उष्णता आणि दमटपणाचा हात असतो, असे फोर्डच्या प्रकरणात पुढे आले होते. मुंबई, कोकण आणि गोव्यातल्या गाडीमालकांनी ते विशेष ध्यानात घ्यावे. पुढच्या सर्व्हिसिंगला मेकॅनिकला केबलचा बुश दाखवायला सांगा, आणि गाडी उभी करताना ब्रेकवरचा पाय काढण्याआधी हँडब्रेक ओढा.