थर्माकोल, ताशी पावणेदोनशे

पुण्याच्या तपकीर गल्लीत सिलिकॉनची जाड वायर, सोल्डर आणि हीट श्रिंक स्लीव्ह मागणारा प्रत्येक जण दुरुस्तीवालाच असतो असं नाही. एखाद्याच्या घरी कपाटावर निळ्या-पिवळ्या पंखांचं विमान आडवं ठेवलेलं असतं आणि घरचे त्याला 'तुझं ते थर्माकोल' म्हणतात. तांत्रिकदृष्ट्या तो ईपीओ फोम असतो, थर्माकोलपेक्षा चिवट. पण हा फरक घरच्यांना पटवायच्या भानगडीत कुणी पडू नये.

पुण्यात रेडिओ कंट्रोल विमानं उडवणारे बरेच. एनसीसीच्या एअर विंगमध्ये एरोमॉडेलिंग शिकवलं जातं, इंजिनिअरिंग कॉलेजांचे संघ स्पर्धांसाठी वजन उचलणारी विमानं बांधतात. त्यातल्या थोड्यांना पुढे वेगाची बाधा होते. वरच्या पंखाचं, संथ ट्रेनर विमान चूक पोटात घालतं. वेगवान विमानाला तेवढा वेळच नसतो. म्हणून त्याचं निम्मं उडणं टेबलावरच उरकावं लागतं.

साधारण एक मीटर पंखविस्ताराचं, बाराशे ग्रॅमचं विमान घ्या. मोटर 1800 केव्हीची, म्हणजे बिनभाराची दर व्होल्टला मिनिटाला 1800 फेरे. चार सेलची लायपो बॅटरी 14.8 व्होल्टची. भाराखाली वीस टक्के घट धरली तरी प्रॉप मिनिटाला एकवीस हजारांवर फिरतो. त्याचा पिच, म्हणजे एका फेऱ्यात पुढे सरकण्याचं अंतर, सहा इंच असेल, तर कागदावर ताशी 195 किलोमीटर होतात. हवेचा विरोध वजा जाता पावणेदोनशेच्या आसपास हाती लागतात. मोटर 60 अँपिअर ओढत असेल तर 888 वॉट, एका अश्वशक्तीहून जास्त, तेही पाण्याच्या बाटलीएवढ्या वजनाला. 2200 एमएएचची बॅटरी पूर्ण थ्रॉटलवर दोन-सव्वादोन मिनिटांत संपते. एवढ्यासाठी आठवडाभर खपायचं का, हा प्रश्न रास्त आहे. उत्तर नाही, हौस आहे.

जोडणीत खरी मेख बिजागरीत असते. एलेरॉन म्हणजे पंखाच्या मागच्या कडेची हलती पट्टी. तिच्या हॉर्नमध्ये किंवा पुशरॉडच्या टोकाला किंचित खेळ राहिला, तर हळू उडताना काही कळत नाही. वेग वाढला की तो पृष्ठभाग थरथरू लागतो. याला फ्लटर म्हणतात. आधी भुणभुण ऐकू येते आणि पाठोपाठ पंखाचा तुकडा सुटतो. पंखात कार्बनचा दांडा लागतो तो याच वेगासाठी. चाळीस मीटर त्रिज्येचं वळण या वेगात घेतलं, तर बाराशे ग्रॅमचं विमान पंखांना सात किलोंहून जड होतं. हवेचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून एलेरॉनची हालचाल, 'थ्रो', ट्रेनरपेक्षा कितीतरी कमी ठेवतात आणि ट्रान्समीटरवर एक्स्पो लावतात, म्हणजे स्टिक मध्याजवळ मंद होते.

शेवटी सीजी, म्हणजे गुरुत्वमध्य. पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या पाव भागाच्या आसपास दोन बोटांवर विमान तोलून बघायचं, बॅटरी पुढे-मागे सरकवून जुळवायचं. पहिल्या उड्डाणाला ते किंचित नाकजडच बरं. नाकजड विमान आळशीपणा करतं, शेपूटजड विमान ऐकतच नाही.

रेडिओची चिंता मात्र आता कमी झाली आहे. पूर्वी प्रत्येक सेटमध्ये क्रिस्टल असायचा. दोघांचा चॅनल एकच निघाला आणि एकाने नकळत स्विच टाकला, की दुसऱ्याचं विमान गेलंच. भारतात 2.4 गिगाहर्ट्झचा पट्टा 2005 साली परवानामुक्त झाला. हल्लीचे संच याच पट्ट्यात चालतात आणि चॅनलची निवड स्वतःच करतात. तरी फेलसेफ लावावा लागतोच. संपर्क तुटला की मोटर बंद झाली पाहिजे, हे जमिनीवर ट्रान्समीटर बंद करून बघावं लागतं.

आता उडवायचं कुठे? शनिवारवाड्यापासून लोहगावचा विमानतळ सरळ रेषेत दहाएक किलोमीटर. त्यात तो हवाई दलाचा तळ. 2021 च्या ड्रोन नियमांप्रमाणे विमानतळाच्या हद्दीपासून आठ किलोमीटरच्या आत परवानगी लागते. आठ ते बारा किलोमीटरच्या पट्ट्यात दोनशे फुटांची कमाल, त्यापलीकडे हरित क्षेत्रात चारशे फूट. लष्करी आवारं वेगळीच. खेळाचं मैदान तर नकोच. सव्वा किलोचं काहीही या वेगाने माणसांजवळून जाता कामा नये. म्हणून डिजिटल स्कायचा नकाशा बघून, जमीनमालकाला विचारून, पहाटे शहराबाहेर. नियम जाचक वाटतात खरे, पण लोहगावला उतरणाऱ्या विमानात स्वतः बसलं की पटतात.

पहाटेला आणखी एक कारण आहे. पुणे साडेपाचशे मीटर उंचीवर. एप्रिलच्या दुपारी इथली हवा समुद्रसपाटीच्या प्रमाणित हवेपेक्षा तेरा-चौदा टक्के विरळ असते. विरळ हवेत विमान उतरतानाही जोरात येतं. ऊन चढलं की गरम हवेचे झोत उठतात आणि त्यांच्यावर घारी. घार दिसली की थांबायचं, तिचा हक्क पहिला.

पहिल्या उड्डाणाला दोघं लागतात. एकाच्या हातात ट्रान्समीटर, दुसऱ्याच्या हातात विमान.

"एलेरॉन बघितलास का रे?"

"दोनदा बघितलं, दादा."

"तिसऱ्यांदा बघ. उजवीकडे दिलं की उजवं वर."

उलटं जोडलेलं एलेरॉन हे पहिल्याच उड्डाणात विमान गमावण्याचं जुनं, खात्रीचं कारण.

फेकायचं वाऱ्याच्या तोंडावर, पंख सपाट, नाक जरा वर. प्रॉपच्या उलट्या झटक्याने विमान डावीकडे कलंडतं. स्टिक त्याआधीच उजवीकडे तयार हवी. मग बघता बघता ते दोनशे मीटरवर ठिपका होतं. आता ते येतंय की जातंय हेच कळेना, अशी वेळ येते, म्हणून खालची बाजू गडद आणि वरची भडक रंगवतात. शिवाय समोरून येताना डावं-उजवं उलटतं. पहिल्या फेऱ्या अर्ध्या थ्रॉटलवर, फक्त ट्रिम करण्यापुरत्या, म्हणजे ते आपोआप सरळ उडेल अशी बारीक जुळवणी. मग उंचावर मोटर कमी करून ते कोणत्या वेगाला पडू लागतं ते बघायचं. या वजनाला तो वेग ताशी छत्तीस-चाळीस निघतो, म्हणजे उतरताना पन्नासच्या खाली यायचं नाही. त्यानंतरच एकदा पूर्ण थ्रॉटल.

जगाच्या मानाने हा वेग किरकोळच आहे. जर्मनीत 2017 साली जेट इंजिनाच्या मॉडेलने ताशी 749 किलोमीटर गाठले. कॅलिफोर्नियात तर बिनइंजिनाचं ग्लायडर डोंगरामागच्या वाऱ्यावर घिरट्या घालत 2021 मध्ये ताशी 880 च्या पुढे गेलं.

इथे उतरवायचं ते गवतावर, पोटावर, कारण चाकं वेग खातात. उतरल्यावर बॅटरीचा प्रत्येक सेल मोजायचा, मोटरला हात लावून बघायचा, बिजागऱ्या पुन्हा हलवून बघायच्या. ट्रान्समीटरवर जितकं ट्रिम द्यावं लागलं, तितका फरक पुशरॉडच्या आट्यांनी काढायचा आणि ट्रिम शून्यावर आणायचं. मगच दुसरी बॅटरी.