कोड डाउनलोड केला, पुढे काय?

ओपन सोर्स सॉफ्टवेअरचा कोड कोणालाही घेता येतो. बहुतेक प्रकल्प त्यासाठी ‘गिट’ वापरतात. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५मध्ये लिनक्सच्या कामासाठी ते बनवले.

‘गिट क्लोन’ ही कमांड दिली, की संपूर्ण कोड आधीच्या बदलांच्या नोंदींसह संगणकावर येतो. मात्र, ही प्रत आपोआप अपडेट होत नाही. ‘गिट पुल’ दिल्यावरच नवे बदल येतात. त्यानंतर बऱ्याचदा प्रोग्राम पुन्हा बिल्ड करावा लागतो.

डिसेंबर २०२१मध्ये जगभरातील सर्व्हरवर वापरल्या जाणाऱ्या ‘लॉगफोरजे’ या ओपन सोर्स लायब्ररीत गंभीर त्रुटी उघड झाली. पहिली दुरुस्ती अपुरी ठरली. त्याच महिन्यात आणखी आवृत्त्या आल्या. एकदाच अपडेट करून थांबलेल्यांचा धोका पूर्ण टळला नव्हता.