डोकी मोजा, पाणी मोजा

अ‍ॅडलेडहून उत्तरेच्या आउटबॅककडे निघणाऱ्या शाळेच्या कॅम्पमध्ये बसच्या आधी ट्रेलर भरायचा असतो, आणि तो मुलांनीच भरायचा असतो. मुलं दहावीची, पंधरा-सोळा वर्षांची. पाण्याचे जेरीकॅन तळाला, बरोबर चाकांच्या वर. त्यांच्यावर स्वयंपाकाच्या पेट्या आणि गॅसच्या शेगड्या. सगळ्यात वर स्वॅग. स्वॅग म्हणजे जाड कॅनव्हासची वळकटी. आत पातळ गादी, वरून झाकायला झडप. उलगडली की झोपायची सोय झाली. मी या कॅम्पला पालक-स्वयंसेवक म्हणून गेले होते. त्यासाठी मुलांबरोबर काम करायला लागणारी सरकारी तपासणी पार करावी लागते. ती झाली की मुख्य शिक्षिका एकच सूचना देतात: मुलांची कामं तुम्ही करायची नाहीत. भारतीय आईसाठी याहून अवघड अट नाही.

पाण्याचा हिशेब कागदावर होतो. निर्मनुष्य भागात माणशी दिवसाला दहा लिटर धरायचे असा ढोबळ नियम आहे. चाळीस माणसांचं एका दिवसाचं पाणीच चारशे किलो होतं, म्हणून पुढचं पाणी कुठे मिळणार हे पाहूनच मुक्काम ठरतात. बोअरचं पाणी असतं, पण ते पुष्कळ ठिकाणी इतकं खारट की भांडी धुण्यापलीकडे उपयोग नाही. पहिल्या दिवशी दात घासताना नळ सोडल्यासारखा जेरीकॅन उपडा करणारी मुलं लवकरच एका पेल्यात भागवायला लागतात. कुणी रागवावं लागत नाही. रिकामे कॅन ट्रेलरमध्ये परत रचताना त्यांचं त्यांनाच कळतं.

पोर्ट ऑगस्टाच्या अलीकडे वळून क्वॉर्न आणि हॉकर मागे टाकलं की शेतं संपतात आणि छप्पर नसलेली दगडी घरं दिसू लागतात. 1865 मध्ये जॉर्ज गॉयडर या सर्व्हेयर-जनरलने घोड्यावरून फिरून एक रेघ आखली होती. रेघेच्या उत्तरेला पावसाचा भरवसा नाही, तिथे गहू पेरू नका, असं त्याचं सांगणं होतं. पुढे काही वर्षं पाऊस चांगला झाला, लोक रेघ ओलांडून गेले, मग दुष्काळ आला. ती पडकी घरं त्यांची. भूगोलाच्या शिक्षकांनी बस थांबवून मुलांना एवढंच विचारलं, की आजूबाजूला कुठली झुडपं दिसतात? गॉयडरनेही झुडपंच पाहिली होती. जिथून सॉल्टबुश सुरू होतं तिथे पाऊस संपतो, असा त्याचा अंदाज होता आणि तो खरा ठरला. माझं आजोळ माणदेशातलं. पाऊस नसलेल्या गावातून माणसं का निघून जातात हे मला नवं नव्हतं. मुलं मात्र त्या भिंतींपाशी बराच वेळ रेंगाळली.

विल्पेना पाउंड, म्हणजे इकारा, हा डोंगरांनी चहूबाजूंनी वेढलेला प्रचंड वाडगा. अद्न्यामथन्हा लोकांच्या कथेत त्याच्या भिंती म्हणजे दोन महासर्पांची शरीरं आहेत. सगळ्यात उंच सुळका सेंट मेरी पीक, 1,171 मीटर. शेवटच्या चढाच्या अलीकडे टँडेरा सॅडल नावाची खिंड आहे. तिथून वर जाऊ नये अशी अद्न्यामथन्हांची विनंती आहे. बंदी नाही, विनंती. इथे मुलांत खरा वाद झाला. घाम गाळून इथवर आल्यावर शिखर का सोडायचं, असं काहींचं म्हणणं. शिक्षिकेने निकाल दिला नाही, ‘तुम्ही बोला’ म्हणाल्या आणि सफरचंद खात बसल्या. शेवटी एक मुलगा म्हणाला, माझ्या आजीच्या देवघरात कुणी बूट घालून गेलेलं मला चालेल का? तो व्हिएतनामी घरातला होता. सगळे खिंडीतूनच परतले. शिक्षिकेने आधीच ‘नाही’ म्हटलं असतं, तर दोघेतिघे हमखास हळूच वर गेले असते, असं मला वाटतं.

ब्रॅचिना घळीत चालताना कोट्यवधी वर्षांचे थर एकामागून एक तिरके उभे दिसतात. तिथे खडकात ब्राँझची एक छोटी चकती ठोकलेली आहे. रेग स्प्रिग या भूवैज्ञानिकाला 1946 मध्ये याच पर्वतराजीत, एडियाकारा टेकड्यांत, मऊ शरीराच्या प्राचीन जीवांचे ठसे सापडले. 2004 मध्ये त्या काळाला एडियाकारन हे अधिकृत नाव मिळालं आणि चकती त्याची सुरुवात दाखवते. मुलांनी चकतीवर बोट ठेवून फोटो काढला तो शिक्षकांच्या कॅमेऱ्यावर. फोन शाळेतच जमा झाले होते.

खरी शाळा भरते ती स्वयंपाकाच्या वेळी. बस दुपारी चारच्या आत थांबलीच पाहिजे, कारण संधिप्रकाशात कांगारू रस्त्यावर येतात. कोरड्या ओढ्याच्या पात्रातली मऊ, सपाट वाळू पाहून मुलं तिकडे धावतात, तेव्हा त्यांना परत बोलवावं लागतं: काठावरचे रेड गम वारा नसतानाही अचानक मोठी फांदी टाकतात, आणि दूर कुठे पाऊस झाला तर पात्रात लोंढा येतो. मग गट कामाला लागतात. एक रांधतो, एक भांडी घासतो, एक बस झाडतो, आणि रांधणारे शेवटी जेवतात. भांड्यांना तीन टब: साबणाचं गरम पाणी, साधं पाणी, जंतुनाशकाचं पाणी. त्याआधी ताट निपटून पुसायचं. नाही तर पहिल्या टबाचं दहा मिनिटांत डबकं होतं.

एका संध्याकाळी रांधणाऱ्या गटाने चाळीस माणसांचा भात एकाच पातेल्यात, मोठ्या आचेवर, अर्ध्या पाण्यात चढवला. वास यायच्या आधीच मला पुढचं कळलं होतं. मी उठले. शिक्षिकेने माझ्याकडे नुसतं पाहिलं, मी बसले. खाली कोळसा, वर कच्चा भात. गटात आधी भांडण झालं, मग शांतता, मग एका मुलीने वरचा भात दोन पातेल्यांत वाटून पाणी घातलं आणि झाकणावर दगड ठेवले. जेवायला रात्र झाली. कुणीही कुरकुरलं नाही, कारण उद्या आपली पाळी आहे हे प्रत्येकाला ठाऊक होतं. निखाऱ्यात भाजलेला डॅम्पर नावाचा पाव मात्र पहिल्याच दिवशी जमला. तो आपल्या पानग्याचा चुलतभाऊच.

मरीपासून ऊडनाडाटा ट्रॅक सुरू होतो: कच्चा, आडव्या वळ्यांनी भरलेला. टायरमधली हवा कमी करून, धूळ खाली बसेपर्यंत पुढच्या गाडीमागे अंतर ठेवून चालायचं. फोनला रेंज नसते. शिक्षकांजवळ सॅटेलाइट फोन आणि आपत्कालीन बीकन असतो, आणि गंभीर काही झालंच तर 1928 पासून चालू असलेली फ्लाइंग डॉक्टर सेवा. प्रत्येक थांब्यानंतर डोकी मोजली जातात, दोन माणसांकडून, वेगवेगळी. आकडे जुळल्याशिवाय बस हलत नाही.

रस्त्याशेजारी 1980 मध्ये बंद पडलेल्या जुन्या ‘घान’ रेल्वेचे अवशेष आहेत. आणि जमिनीतून बुडबुडणारे झरे. भूगर्भातलं हे पाणी फार दुरून, लाखो वर्षं झिरपत आलेलं. टेलिग्राफची तार आणि रेल्वे दोन्ही या झऱ्यांच्या वाटेनेच गेल्या. त्याही आधी इथे उंटांचे तांडे फिरले. 1860च्या दशकात पहिले मोठे तांडे आले ते कराचीहून, आणि कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होती. ‘अफगाण’ म्हणून ओळखले गेलेले ते उंटवाले बलुची, सिंधी, पठाण, पंजाबी असे सगळेच होते. मरीत त्यांच्या मातीच्या मशिदीची प्रतिकृती आहे, खजुराची झाडं आहेत. शाळेच्या पाठात त्यांना दोन ओळी मिळतात, हे कमीच.

कूबर पेडी, म्हणजे ओपलची खाण आणि जमिनीखालची घरं, यावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. मुलांना तिथे सगळ्यात आवडला तो गरम पाण्याचा शॉवर.

ऑस्ट्रेलियातल्या मराठी आईबापांना सांगायचं ते हे. कॅम्पचा फॉर्म आला की ‘मुलगी आहे’, ‘शाकाहारी आहे’, ‘थंडी फार असते’ म्हणून तो बाजूला ठेवू नका. शाकाहारी मुलांचा तवा वेगळा असतो, आणि तो वेगळा राहतो. दमा, अ‍ॅलर्जी, झोपेत चालणं, काहीही असेल ते फॉर्मवर लिहा. लाजेपोटी लपवलेला आजार दवाखान्यापासून तीनशे किलोमीटरवर उघडा पडू देऊ नका. ऑगस्टमधली रात्र शून्यापर्यंत उतरते, म्हणून स्लीपिंग बॅग चांगली घ्या आणि बूट महिनाभर आधी वापरायला लावा. चिवड्याचा डबा देऊ नका. स्वॅगमध्ये खाणं नेलं की मुंग्या आणि उंदीर येतात, आणि त्यांना हाकलायचं काम पुन्हा मुलांच्याच गटाकडे जातं.