ई-मेलचा सर्व्हर चालू आहे, पण पत्र पोहोचते काय?

माल रवाना केल्यावर आम्ही व्यापारी बिल्टी जपून ठेवतो आणि गाठी पोहोचल्याची खात्री करून घेतो. परंतु भाव, ऑर्डर व बिले ज्या ई-मेलने जातात, त्याची अशी चौकशी आपल्यापैकी फार थोडे करतात. ज्या पेढ्यांनी स्वतःचा मेल सर्व्हर ठेवला आहे, त्यांनी तरी ही चौकशी अवश्य करावी.

समोरचा सर्व्हर तात्पुरते पत्र घेत नसेल, तर आपला सर्व्हर ते रांगेत ठेवून पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. 'पोस्टफिक्स' या प्रचलित सॉफ्टवेअरमध्ये ही मुदत ५ दिवसांची आहे आणि आपण मुद्दाम सोय केल्याशिवाय मधल्या काळात पाठविणाऱ्यास उशिराची सूचनाही मिळत नाही. म्हणजे सोमवारी पाठविलेला भाव शनिवारी परत येतो. तोपर्यंत गिऱ्हाईक दुसऱ्याच्या दुकानी गेलेले असते.

म्हणून 'सर्व्हर चालू आहे' एवढ्या उत्तरावर समाधान मानू नये. सर्व्हर सांभाळणाऱ्यास रोज पुढील गोष्टी विचाराव्यात :

१) रांग : किती पत्रे थांबली आहेत व सर्वांत जुने किती तासांचे आहे? कामाच्या वेळी रांग वाढणे साहजिक आहे, पण ती उतरली पाहिजे. रांगेत अचानक हजारो अनोळखी पत्रे दिसली, तर कुणाचा तरी पासवर्ड चोरीस गेला असून आपल्या नावाने रद्दी पत्रे जात असल्याचा संशय घ्यावा.

२) जागा : डिस्क भरली की नवी पत्रे घेणे बंद होते.

३) पत : रद्दी पत्रे पाठविणाऱ्यांच्या काळ्या यादीत आपला सर्व्हर गेला, तर आपली खरी पत्रेही नाकारली जातात. ही यादी वरचेवर तपासावी.

४) चाचणी : दर १५ मिनिटांनी बाहेरच्या पत्त्यावर एक पत्र जावे, तेथून एक यावे आणि लागलेला वेळ नोंदला जावा. ही कामे यंत्राकडून आपोआप करून घेता येतात.

बिघाडाची सूचना मात्र त्याच ई-मेलवर मागवू नये. ती मोबाईलवर एसएमएसने यावी. जो रस्ता बंद झाला, त्याच रस्त्याने खबर कशी येणार?

गिऱ्हाइकाची ऑर्डर ही आपल्याकडे सोपविलेली अमानत होय. 'आम्हांस पत्र मिळालेच नाही' हे उत्तर खरे असले, तरी तुटलेला व्यवहार त्याने जुळत नाही. तेव्हा सकाळी दुकान उघडल्यावर गल्ल्याबरोबर रांगेचाही हिशेब घ्यावा.