रिअ‍ॅलिटी शोच्या घरात गे स्पर्धक बहुतेक वेळा एकटाच का असतो?

रात्रीची जेवणं आटोपली आहेत. घरातले सगळे टीव्हीसमोर बसलेत. रिअ‍ॅलिटी शोमध्ये नवा स्पर्धक येतो. चमचमतं जॅकेट, मोठमोठे हातवारे, प्रत्येक वाक्यात एक टोमणा. घरातलं कुणीतरी म्हणतं, "आला बघा, या सीझनचा 'तो'." सगळे हसतात. त्याच सोफ्यावर एक मुलगा बसलाय. स्वतःबद्दल त्याने घरात अजून काहीच सांगितलेलं नाही. तोही हसतो, कारण नाही हसला तर कुणाच्या तरी लक्षात येईल.

हे दृश्य काल्पनिक आहे, पण अनेकांना ओळखीचं वाटेल. अशा वेळी त्या मुलाला एकदम दोन गोष्टी कळतात. गे माणूस टीव्हीवर कसा दिसतो आणि त्याच्याबद्दल आपल्या घरचे काय बोलतात. म्हणून हे शो समलिंगी पुरुषांना कसं दाखवतात, हा प्रश्न नुसत्या मनोरंजनापुरता राहत नाही.

पण रिअ‍ॅलिटी शोमध्ये तर खरी माणसं असतात. मग ती इतकी एकसारखी का वाटतात?

सुरुवात कुठून झाली?

१९७३ मध्ये अमेरिकेत पीबीएस वाहिनीवर 'अ‍ॅन अमेरिकन फॅमिली' ही मालिका आली. कॅलिफोर्नियातल्या लाउड कुटुंबाच्या रोजच्या आयुष्याचं हे १२ भागांचं चित्रण. आजच्या रिअ‍ॅलिटी टीव्हीची ती पूर्वज मानली जाते. या घरातला थोरला मुलगा लान्स समलिंगी होता आणि तसा तो कॅमेऱ्यासमोर मोकळेपणाने वावरला.

तो काळ लक्षात घ्या. ही मालिका सुरू झाली तेव्हा अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेच्या अधिकृत यादीत समलैंगिकता हा मानसिक आजार होता. ती नोंद त्याच वर्षी डिसेंबरमध्ये हटवली गेली. लान्सवर तेव्हा टीका झाली, त्याची टिंगलही झाली. पण दुसरीकडे, आपल्यासारखं कुणीतरी टीव्हीवर आहे आणि त्याची आई त्याला भेटायला न्यूयॉर्कला येते, हे अनेकांनी पहिल्यांदाच पाहिलं.

दुसरा मोठा टप्पा १९९४ चा. एमटीव्हीच्या 'द रिअल वर्ल्ड'मध्ये सात अनोळखी तरुण सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका घरात राहायला आले. त्यातला पेद्रो झमोरा क्यूबात जन्मलेला, समलिंगी आणि एचआयव्हीबाधित होता. एड्सबद्दल शाळाशाळांत जाऊन बोलणं हेच त्याचं काम होतं. प्रेक्षकांनी त्याला मित्रांशी गप्पा मारताना, एका उद्धट सहकाऱ्याशी भांडताना, आजारी पडताना आणि जोडीदाराबरोबर छोटेखानी समारंभात आयुष्यभराची साथ देण्याचं वचन देताना पाहिलं. त्या सीझनचा शेवटचा भाग दाखवला गेला आणि त्यानंतर काही तासांतच, ११ नोव्हेंबर १९९४ रोजी, वयाच्या २२ व्या वर्षी पेद्रो गेला.

घरात तो एकटाच गे पुरुष होता. तरीही प्रेक्षकांना अख्खा माणूस दिसला, कारण त्याच्या आयुष्याच्या बऱ्याच बाजू पडद्यावर आल्या. मैत्री, राग, प्रेम, काम, भीती, सगळं.

मग साचे कुठून आले?

२००० नंतर रिअ‍ॅलिटी शोंचा पूर आला. त्यातून तीन साचे ठरून गेले.

पहिला साचा सल्लागाराचा. २००३ मध्ये आलेल्या 'क्विअर आय फॉर द स्ट्रेट गाय'मध्ये पाच गे पुरुष एका गबाळ्या माणसाचे कपडे, केस, घर आणि स्वयंपाक सुधारायचे. शो गमतीदार होता, तुफान चालला. पण या पाचांचं मुख्य काम दुसऱ्याचं आयुष्य नीट लावून देणं हेच होतं. त्यांच्या स्वतःच्या घरी काय चाललंय, याला फारशी जागा नव्हती. २०१८ मध्ये नेटफ्लिक्सवर हा शो नव्याने आला तेव्हा ती उणीव बरीच भरून निघाली.

दुसरा साचा कारस्थान्याचा. २००० मध्ये 'सर्व्हायव्हर'चा पहिला अमेरिकन सीझन रिचर्ड हॅच या उघडपणे गे असलेल्या स्पर्धकाने जिंकला. बक्षीस १० लाख डॉलर. शेवटचा भाग सुमारे ५ कोटी लोकांनी पाहिला. हॅच जिंकला तो गटबाजी आणि डावपेचांच्या जोरावर. एका अर्थाने हे चांगलंच झालं. गे माणूस बिचारा किंवा विदूषकच असतो, असं नाही हे दिसलं. पण तिथेही तो एकटाच असल्यामुळे 'हॅच धूर्त आहे' याचं 'हे लोक धूर्त असतात' व्हायला वेळ लागत नाही.

तिसरा साचा कोड्याचा, म्हणजे 'ओळखा पाहू, कोण गे आहे?' २००३ च्या 'बॉय मीट्स बॉय'मध्ये एका गे तरुणाला अनेक पुरुषांतून जोडीदार निवडायचा होता. त्यातले काही जण गे नव्हतेच आणि हे त्या तरुणाला सुरुवातीला माहीत नव्हतं. त्याने चुकून तसा पुरुष निवडला, तर बक्षीस त्या पुरुषाला मिळणार होतं. कुणाच्या प्रेमात फसवणूक हा खेळ ठरवायचा, हे स्त्री-पुरुषांच्या डेटिंग शोमध्येही घडलंय. पण आयुष्यभर खरं सांगू की नको या दडपणात राहिलेल्या माणसाला ती थट्टा जास्त झोंबते.

एडिटिंगच्या टेबलावर काय होतं?

घरातले कॅमेरे दिवसरात्र चालू असतात. त्यातून आपल्यापर्यंत येतं ते तासाभराचं. बाकीचं कापलं जातं. काय ठेवायचं हे ठरवताना 'या स्पर्धकाची गोष्ट काय?' हा प्रश्न असतो. एक भांडखोर, एक साधाभोळा, एक प्रेमी जोडपं, एक विनोदी पात्र. कास्टिंगच्या वेळीच या जागा डोक्यात असतात.

गे स्पर्धक एकच असेल तर 'गे असणं' हीच त्याची जागा होते. तो सकाळी उठून शांतपणे भांडी घासत असेल, तर ते फुटेज कापलं जातं. नाचला, रडला किंवा कुणाला टोमणा मारला, की ते प्रोमोत येतं. हे दाखवलेलं खोटं नसतं. फक्त त्याच्या दिवसातल्या बाकीच्या २३ तासांचा पत्ता नसतो.

स्पर्धकही हे ओळखून असतात. मतं मिळवायची तर लक्षात राहायला हवं. मग काही जण स्वतःच तो साचा मोठा करून दाखवतात. त्यात चूक काय? काही नाही. काही गे पुरुष खरोखरच भडक, बोलके, नटवे असतात आणि तसं असण्याचा त्यांना पूर्ण हक्क आहे. अडचण एवढीच की बाकीच्या स्वभावांना पडद्यावर जागा मिळत नाही.

आपल्याकडे काय झालं?

'बिग बॉस' हिंदीत २००६ मध्ये सुरू झालं. तेव्हा कलम ३७७ नुसार समलिंगी संबंध हा गुन्हा होता. २००९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने दिलासा दिला. ११ डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. त्या दिवसांत 'बिग बॉस'चा सातवा सीझन सुरू होता आणि व्हीजे अँडी हा गे स्पर्धक त्या सीझनचा भाग होता. म्हणजे एकीकडे मनोरंजन म्हणून चालणारा माणूस, दुसरीकडे कायद्याच्या नजरेत गुन्हेगार ठरू शकणारा.

पुढच्याच वर्षी आठव्या सीझनमध्ये मुंबईचे सुशांत दिवगीकर आले. ते २०१४ चे 'मिस्टर गे इंडिया' होते. २०१८ मध्ये ते 'सा रे ग मा पा'च्या मंचावर 'राणी को-ही-नूर' या ड्रॅग रूपात गायले. पुढे त्यांनी आपली ओळख ट्रान्स व्यक्ती म्हणूनही मांडली.

इथे एक गोंधळ दूर करू. समलिंगी पुरुष म्हणजे ज्याला पुरुषांबद्दल आकर्षण वाटतं तो. ट्रान्स व्यक्ती म्हणजे जन्माच्या वेळी नोंदवलेल्या लिंगापेक्षा जिची स्वतःची ओळख वेगळी आहे ती. ड्रॅग ही सादरीकरणाची कला आहे. एखाद्या माणसात यातलं एकाहून अधिक असू शकतं, पण या तिन्ही गोष्टी एकच नाहीत. आपल्याकडच्या शोमध्ये या सगळ्यांसाठी मिळून एकच खुर्ची ठेवल्यासारखी दिसते. त्यामुळे ठाण्याच्या लक्ष्मी नारायण त्रिपाठी पाचव्या सीझनमध्ये दिसल्या काय किंवा अँडी सातव्यात दिसला काय, अनेक प्रेक्षकांच्या लेखी ते 'तसलेच' ठरतात.

६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सज्ञान व्यक्तींमधले संमतीने असलेले समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर काढले. लग्नाला मान्यता द्यायला मात्र ऑक्टोबर २०२३ मध्ये नकार दिला.

घरात सगळेच गे असतील तर?

अलीकडच्या दोन शोंनी हा प्रयोग केला. २०२३ मध्ये बीबीसी थ्रीवर 'आय किस्ड अ बॉय' आला. जुलै २०२४ मध्ये नेटफ्लिक्सवर जपानचा 'द बॉयफ्रेंड' आला. समुद्राजवळच्या घरात राहणारे तरुण, सगळे पुरुषांकडे आकर्षित होणारे. दिवसा ते कॉफीचा ट्रक चालवतात. जपानमध्येही समलिंगी लग्नाला कायदेशीर मान्यता नाही.

या शोमधला एक गाजलेला वाद कशावरून झाला माहितीये? चिकनवरून! एकाला व्यायामासाठी भरपूर चिकन लागायचं आणि घराच्या सामाईक खर्चाचं गणित बिघडायचं. रूमवर राहिलेल्या कुणालाही हे भांडण पटकन कळेल. एक जण लाजाळू, एक मनातलं पटकन बोलणारा, एक सतत गोंधळलेला. सगळ्यांनाच पुरुषांचं आकर्षण असल्यामुळे ती कुणाचीच वेगळी ओळख उरली नाही. मग स्वभाव दिसायला लागले.

पुढची क्लिप बघताना

आपल्यापैकी बरेच जण आता पूर्ण एपिसोड बघतच नाहीत. ३० सेकंदांची रील बघतात. म्हणजे एकदा कापलेलं पुन्हा कापलेलं. त्यामुळे शेअर करण्याआधी तीन प्रश्न विचारून बघा. या माणसाला स्वतःचं घर, काम, नातं असल्याचं या शोमध्ये कधी दिसलं का? आपण त्याच्या विनोदावर हसतोय की त्याच्या चालण्या-बोलण्यावर? आणि हीच गोष्ट दुसऱ्या स्पर्धकाने केली असती, तर तिची क्लिप झाली असती का?

घरच्या ग्रुपवर ती रील टाकताना अजून एक गोष्ट लक्षात ठेवा. त्या ग्रुपमध्ये सोफ्यावरचा तो मुलगाही असू शकतो. तुम्ही खाली काय लिहिता, हे तो वाचणार आहे.