शरदांतील गाणीं आणि इवले हात

जपानांत सप्टेंबर सरला कीं टेकड्यांवर रंग चढूं लागतो. मेपलचीं पानें तांबडीं होतात, गिंक्गोचीं पिवळीं पडतात, आणि ओकच्या झाडांखालीं टोपी घातलेलीं गुळगुळीत फळें टपटप गळतात. या फळाला तेथें ‘दोंगुरी’ म्हणतात. अशा दिवसांत एखाद्या जपानी बालमंदिरांत डोकावून पाहावें. शिक्षिका मुलांसमोर गुडघे टेकून बसते, तोंडानें कांहींच न बोलतां दोन मुठी छातीपाशीं आणते आणि एकीभोंवतीं दुसरी फिरवूं लागते. दोंगुरी उतारावरून गडगडत निघाली, हें मुलांना सांगावें लागत नाहीं. क्षणभरांत साऱ्या खोलींतील मुठी फिरूं लागतात, आणि मगच गाणें सुरू होतें. अशा खेळाला ‘ते-आसोबि’, म्हणजे हातांचा खेळ, असें नांव आहे.

‘दोंगुरी कोरोकोरो’ हें गाणें ठाऊक नाहीं असा मनुष्य जपानांत विरळाच. आओकी नागायोशी यांनीं तें लिहिलें, यानादा तादाशी यांनीं चाल बांधली, आणि १९२१ सालीं तें एका बालगीतसंग्रहांत छापलें गेलें. त्यांतील गोष्ट अगदीं लहान आहे. दोंगुरी गडगडत तळ्यांत पडते. चिखलांत राहणारा एक छोटा मासा वर येऊन तिची विचारपूस करतो आणि तिला खेळावयास बोलावतो. दोघांचा खेळ रंगतो. पण थोड्या वेळानें दोंगुरीला आपला डोंगर आठवतो, ती रडूं लागते, आणि बिचारा मासा गोंधळून जातो. गाणें येथेंच थांबतें. दोंगुरी घरीं परतली कीं नाहीं, हें कवि सांगत नाहीं.

हा शेवट विचार करण्याजोगा आहे. जपानांत तीन वर्षांपुढील मुलांसाठीं ‘योचिएन’ नांवाच्या शाळा आहेत. आणि ज्यांचे आईबाप कामावर जातात, अशा तान्ह्या बाळापासूनच्या मुलांसाठीं ‘होइकुएन’ नांवाचीं संगोपनगृहें आहेत. होइकुएनच्या दारांत सकाळीं आईचा हात सुटतो, तो संध्याकाळींच पुन्हां हातीं येतो. नवा मित्र भेटतो, खेळ जमतो, आणि मध्येंच घर आठवतें! दोंगुरीची कथा ती या मुलांची रोजचीच कथा. डोळ्यांवर मुठी चोळून रडण्याचें सोंग करतांना मुलाला आपलें खरें रडें खेळांत मांडतां येतें, आणि शेजारचेंही तसेंच डोळे चोळीत आहे हें त्याला दिसतें. मोठ्या माणसांना मात्र असा अपुरा शेवट सोसवत नाहीं. म्हणून दोंगुरीला घरीं पोंचविणारें तिसरें कडवें जोडण्याची हौस पुष्कळांनीं पुरवून घेतली आहे. त्यानें मुलांचें समाधान होतें कीं मोठ्यांचें, हा प्रश्नच आहे.

गाणीं मुलांच्या इतक्या जवळ यावयास बराच काळ लागला. १८७६ सालीं टोकियोच्या स्त्रीशिक्षिकांच्या नॉर्मल स्कूलला जोडून एक बालोद्यान निघालें, तें जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रोबेल यांच्या पद्धतीचें. फ्रोबेलनें मातांसाठीं बोटांच्या खेळांचीं गाणीं १८४४ सालींच प्रसिद्ध केलीं होतीं, आणि जपानी आज्यांजवळ तर ‘वाराबे-उता’ ही परंपरेची पुंजी होतीच. परंतु आरंभींच्या सरकारी गीतसंग्रहांतील शब्द प्रौढ, ग्रांथिक. लहान मुलाच्या जिभेला ते कसे रुचावे? आज जपानी मुलें ज्या चालीवर मुठी मिटतात आणि उघडतात, तीच चाल १८८१ सालच्या संग्रहांत निसर्गवर्णनाच्या भारदस्त शब्दांनिशीं आली होती. ही चाल मूळची रूसोच्या १७५२ सालच्या संगीतिकेंतील, असें मानतात. मुठींचे साधे शब्द पाठ्यपुस्तकांत आले ते १९४७ सालीं. मधल्या काळांत, १९१८ सालीं, सुझुकी मिएकिची यांनीं ‘आकाइ तोरि’ हें मासिक काढून मुलांना खरी कविता, पण त्यांच्याच बोलींत, मिळाली पाहिजे असा आग्रह धरला होता.

शरदांतील दुसरा सोहळा रताळ्यांचा. मुलांना शेतावर नेऊन रताळीं खणावयास लावतात, आणि मग भाजलेल्या रताळ्याचें गाणें रंगतें. साकाता हिरोओ यांचे शब्द, यामामोतो नाओझुमी यांची चाल. हातांत गरम रताळें धरणें, फुंकर घालणें, खाणें, असें सर्व करून गाणें शेवटीं ‘जांकेन’वर येतें: मूठ म्हणजे दगड, दोन बोटें म्हणजे कात्री, उघडा पंजा म्हणजे कागद. मूठ आणि पंजा तान्ह्या मुलालाही साधतात; परंतु दोनच बोटें ताठ ठेवून उरलेलीं मिटणें हें अवघड काम. दोन वर्षांचें मूल दुसऱ्या हातानें आपलीं बोटें वांकवून पाहतें, कात्री जमत नाहीं, आणि तरीही विजयी मुद्रेनें हात पुढें करतें. या वयांत जय-पराजयाचा हिशेब कोणी ठेवीतही नाहीं.

पानगळीच्या अखेरीस वाळल्या पानांची शेकोटी येते. तिच्यावरील ‘ताकिबि’ या गाण्याचें नशीब विलक्षण. तात्सुमी सेइका यांनीं लिहिलेलें हें गाणें डिसेंबर १९४१ मध्यें जपानी नभोवाणीच्या मुलांच्या कार्यक्रमांत लागलें. जपान-अमेरिका युद्धाला नुकतेंच तोंड लागलें होतें. धूर दिसला तर शत्रूच्या विमानांना खूण मिळेल, आणि वाळलीं पानें तर मोलाचें जळण, असा लष्करी आक्षेप येऊन दोन दिवसांतच तें बंद पडलें. युद्धानंतर १९४९ सालीं तें नभोवाणीवरूनच पुन्हां घरोघर गेलें. मग आगीच्या बंबवाल्यांना काळजी पडली! पुस्तकांतील चित्रांत शेकोटीजवळ एक वडीलधारें माणूस आणि पाण्याची बादली काढण्यांत आली. शहरांतून पानें जाळणें आज बहुतेक बंदच आहे. शेकोटीवर हात शेकणें मुलें केवळ गाण्यांतच अनुभवतात.

या खेळांचा एक दुरुपयोगही होतो. मुलें गडबड करूं लागलीं कीं हातांचा खेळ काढावयाचा, आणि शेवटीं सर्वांचे हात मांडीवर आणून खोली गप्प करावयाची, ही सोय शिक्षिकांच्या अंगवळणीं पडते. कुराहाशी सोझो यांना असली सोय कितपत रुचली असती? टोकियोच्या त्याच पहिल्या बालोद्यानाचीं सूत्रें त्यांच्या हातीं आलीं, तेव्हां फ्रोबेलचीं क्रमवार पेट्यांतून ठेवलेलीं लाकडी साधनें त्यांनीं एकत्र मिसळून टोपल्यांत ओतलीं, कीं मुलांनीं मनाला येईल तसें खेळावें.

चांगल्या बालमंदिरांत गाणें संपल्यावर मुलें बागेंत जातात आणि खिसे भरून दोंगुरी आणतात. काडी टोंचून भोंवरा होतो. दोन काड्यांच्या टोकांशीं दोन फळें खोंचलीं कीं बोटावर तोल सांभाळणारा बाहुला होतो. मात्र फळें आधीं उकळून घ्यावीं लागतात. नाहीं तर कांहीं दिवसांनीं त्यांतून पांढऱ्या अळ्या बाहेर पडतात. त्या पाहून शिक्षिका दचकतात, आणि मुलें त्यांच्याभोंवतीं गोळा होऊन बसतात.