रोकोको चित्रांतील बायबल, संगीत व नृत्य : व्हेनिसच्या पिएता चर्चच्या संदर्भात

दरबारी करमणूक, उद्यानविहार व मिन्युएट नृत्य हे रोकोको शैलीचे आवडते विषय असल्यामुळे तिच्यातील धार्मिक चित्रे काहीशी उपेक्षित राहिली. व्हेनिसमध्ये मात्र या शैलीने बायबलशी निगडित विषयही हाताळले. तेथे संगीत हे निव्वळ सजावट म्हणून येत नाही.

पिएता ही व्हेनिसमधील बेवारस बालकांचा सांभाळ करणारी संस्था होती. तेथील मुलींचे गायन-वादन युरोपभर नावाजले गेले होते. आंतोनियो विवाल्दी १७०३ मध्ये तेथे शिक्षक म्हणून रुजू झाले. ज्युडिथच्या कथेवरील त्यांचे 'युदिता त्रिउम्फान्स' हे ओरेटोरिओ १७१६ मध्ये सादर झाले, तेव्हा सेनापती होलोफर्नेससह सर्व पुरुषपात्रेही मुलींनीच गायिली. परंतु या मुली जाळीआड उभ्या राहत. श्रोत्यांना स्वर ऐकू येत. चेहरे दिसत नसत. १७४३-४४ मध्ये व्हेनिसमध्ये असलेल्या रूसोने अशाच एका संस्थेतील जाळ्यांबद्दल आपल्या आत्मचरित्रात त्रागा व्यक्त केला आहे.

जोर्जो मस्सारी यांच्या आराखड्यानुसार पिएताच्या नव्या चर्चचे बांधकाम १७४५ मध्ये सुरू झाले. (विवाल्दी १७४१ मध्येच निवर्तले होते, आजचे पर्यटक या वास्तूला 'विवाल्दींचे चर्च' म्हणतात, ते अर्धसत्यच होय.) जांबात्तिस्ता तिएपोलो यांनी १७५४-५५ मध्ये त्याच्या छतावर मरियेचा राज्याभिषेक रंगविला. हा प्रसंग बायबलमध्ये शब्दशः नाही. प्रकटीकरणाच्या बाराव्या अध्यायातील, बारा ताऱ्यांचा मुकुट धारण केलेल्या स्त्रीशी परंपरेने मरियेचा संबंध जोडला. तिएपोलोंनी मरियेभोवती गाणारे व वाद्ये वाजविणारे देवदूत योजिले आहेत. खाली जाळीआडून येणारा स्वर आणि वर उघड्या आकाशातील वादक, अशी ही रचना आहे. जे श्रोत्यांना पाहता येत नव्हते, त्याला चित्रकाराने छतावर रूप दिले, असे म्हणण्यास आधार आहे.

नृत्याचे काय? स्तोत्रसंहितेतील अखेरचे स्तोत्र कर्णा, वीणा यांच्याबरोबर डफ व नृत्यही सांगते. मिर्याम डफ घेऊन नाचते; इफ्ताहची कन्या नाचतच पित्यास सामोरी येते आणि त्याच्या नवसाला बळी पडते. तथापि व्हेनिसच्याच जांबात्तिस्ता पित्तोनी यांनी इफ्ताहची कथा रंगविताना बलिदानाचा क्षण निवडला. तिचे नृत्य तोवर संपलेले असते.